वाचकांचे प्रश्न : कौन्सिलातले नामदार गोखले

गोपाळ कृष्ण गोखले यांनी मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलात काढलेली दोन वर्षे त्यांच्या पुढच्या साऱ्या कारकिर्दीची तालीम होती, असे विधान आम्ही गेल्या अंकातील एका छोट्या टिपणात केले होते. त्यावर आलेल्या पत्रांतून काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहोत. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथे सांगण्यासारखे अधिक होते.

प्रश्न : गोखले गांधीजींचे राजकीय गुरू आणि भारत सेवक समाजाचे संस्थापक म्हणून शाळेत शिकवले जातात. प्रांताच्या कौन्सिलाचे सभासद म्हणून त्यांनी नेमके काय केले आणि ते कौन्सिल होते तरी कसे? (निवृत्त शिक्षक, सातारा)

आजच्या विधानसभेचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून त्या कौन्सिलाकडे पाहिले तर गोखल्यांच्या कामाचे मोल कळणार नाही, म्हणून आधी त्या सभागृहाविषयी लिहितो. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील बिनसरकारी सभासदांना दोन नवे हक्क मिळाले होते : सरकारला प्रश्न विचारणे आणि अंदाजपत्रकावर बोलणे. मात्र अंदाजपत्रकावर मतदान नव्हते आणि उत्तराने समाधान झाले नाही तर उपप्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. सामान्य माणसाला मत नव्हतेच. नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ अशा संस्था नावे सुचवीत आणि गव्हर्नर ती मान्य करीत. त्यालाच लोक व्यवहारात निवडणूक म्हणत. बहुमत सरकारी बाजूचे असल्यामुळे सरकारने आणलेले विधेयक पडेल अशी शक्यताच नव्हती. अशा सभागृहात १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, गोखले दाखल झाले. त्यापूर्वी फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापन, सार्वजनिक सभेचे चिटणीसपद, ‘सुधारक’ पत्राच्या इंग्रजी बाजूचे संपादन आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली केलेला अर्थशास्त्राचा व सरकारी कागदपत्रांचा अभ्यास एवढी शिदोरी त्यांच्याजवळ होती. रानडे त्यांच्याकडून टिपणे पुन्हा पुन्हा लिहून घेत. त्या शिस्तीचा उपयोग कौन्सिलात पहिल्या दिवसापासून झाला.

ते वर्ष मोठ्या दुष्काळाचे होते. शेतकऱ्याचा सारा थकला होता आणि सावकाराचे कर्ज वाढले होते. १९०१ साली मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. सारा न भरल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती गहाण टाकण्याचा किंवा विकण्याचा हक्क त्याला देऊ नये, असा त्या दुरुस्तीचा गाभा होता. सावकाराच्या हाती जमीन जाऊ नये, हा हेतू सरकारने सांगितला होता आणि वरवर पाहता तो चांगलाच वाटतो. गोखल्यांचा आक्षेप या हेतूवर नव्हता, उपायावर होता. दुष्काळाच्या थकबाकीमुळे फार मोठे क्षेत्र सरकारजमा होऊ शकत होते आणि ते सगळे या नव्या अटींखाली आले असते, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मालक असलेला शेतकरी सरकारचे कूळ झाला असता. शिवाय गहाण ठेवायला जमीन उरली नाही तर पेरणीच्या वेळी त्याला बी-बियाण्यापुरते कर्ज कोण देणार, याचे उत्तर विधेयकात नव्हते. सावकाराची जागा घेणारी दुसरी व्यवस्था आधी उभी करा, एखाद्या लहान भागात रयतेचे कर्ज सरकारने स्वतः अंगावर घेऊन शेतकी पेढ्यांचा प्रयोग करून पाहा, असा पर्याय त्यांनी मांडला. विरोध करताना पर्यायाचा आराखडा सोबत ठेवायचा, ही त्यांची पुढे आयुष्यभर टिकलेली सवय येथे प्रथम ठळकपणे दिसते.

विधेयकावर लोकमत अजमावावे आणि तोवर ते पुढे ढकलावे, अशी सूचना मुंबईचे ज्येष्ठ नेते व कौन्सिलाचे सभासद फिरोजशहा मेहता यांनी मांडली. सरकारी बहुमताने ती फेटाळली गेली. तेव्हा ऑगस्ट १९०१ मध्ये पुण्यात भरलेल्या बैठकीतून मेहता उठून बाहेर पडले आणि त्यांच्यामागोमाग जे थोडे सभासद गेले त्यांत गोखले होते. भारतातील कायदेमंडळांच्या इतिहासातला हा पहिला सभात्याग मानला जातो. सभात्यागाची प्रथा ज्यांनी सुरू केली ते सगळे सनदशीर मार्गाचे, सौम्य प्रकृतीचे, सरकारशी बोलणी चालू ठेवण्यावर विश्वास असलेले लोक होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विधेयक मंजूर झालेच. पण सरकारी बाकांवरील लोकांखेरीज त्याला कोणाचाही आधार नाही, हे त्या रिकाम्या खुर्च्यांनी नोंदवून ठेवले.

प्रश्न : अंदाजपत्रकावर मतदानच नसेल, तर केवळ भाषणांचा सरकारवर परिणाम कसा होणार? गोखल्यांच्या अर्थसंकल्पीय भाषणांची कीर्ती अतिशयोक्त नाही काय? (वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर भाषणांच्या कीर्तीत न शोधता त्यांतील युक्तिवादात शोधले पाहिजे.

मेहतांनी प्रकृतीमुळे व्हाइसरॉयच्या मध्यवर्ती कायदे कौन्सिलातील जागा सोडल्यावर ती गोखल्यांकडे आली. कलकत्त्यात २६ मार्च १९०२ रोजी, लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी असताना, त्यांनी तेथले पहिले अंदाजपत्रकीय भाषण केले. त्या वर्षी सरकारच्या हिशेबात सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक होती आणि अर्थसदस्यांचे त्याबद्दल अभिनंदन चालले होते. या अभिनंदनात आपण मनःपूर्वक सामील होऊ शकत नाही, अशी सुरुवात करून गोखल्यांनी ती शिल्लक आली कोठून, याचाच शोध घेतला.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता. १८८० च्या दशकात रुपयाचा भाव पौंडाच्या तुलनेत घसरत गेला. इंग्लंडमध्ये पौंडांत द्याव्या लागणाऱ्या रकमा भागवण्यासाठी सरकारला अधिक रुपये लागू लागले, म्हणून कर वाढवण्यात आले. १८८८ साली मिठावरचा कर दर मणी दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला, तो याच काळात. एक वेळ रुपयाचा भाव तेरा पेन्सांच्या आसपास उतरला होता. पुढे खाजगी चांदीची नाणी पाडून देणे टांकसाळींत बंद करून आणि चलनाचे धोरण बदलून सरकारने तो सोळा पेन्सांवर नेऊन स्थिर केला. म्हणजे ज्या अडचणीसाठी कर वाढवले ती अडचण संपली, कर मात्र तसेच राहिले, आणि त्यातून दरवर्षी शिल्लक पडू लागली. त्याच काळात देशात दुष्काळ आणि प्लेग यांनी लाखो माणसे मरत होती. तेव्हा ही शिल्लक म्हणजे प्रजा सुखी असल्याची खूण नसून तिच्याकडून गरजेपेक्षा जास्त घेतले जात असल्याची खूण आहे, असे त्यांनी दाखवून दिले. सरकारने पुरवलेल्या आकड्यांतूनच हे सिद्ध केलेले असल्यामुळे आकडे खोटे आहेत असे कोणाला म्हणता येईना.

या आकड्यांमागे आणखी एका माणसाचे कष्ट होते. गणेश व्यंकटेश जोशी हे शिक्षण खात्यात मुख्याध्यापक होते. सरकारी अहवालांतील आकडेवारीचा त्यांच्याइतका जाणकार त्या काळी महाराष्ट्रात क्वचितच असेल. १८९७ साली लंडनमध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे दिलेल्या साक्षीपासून पुढे कित्येक वर्षे गोखल्यांनी त्यांच्याकडून आकडे, तक्ते आणि सल्ला घेतला. चांगल्या सभासदामागे असा एखादा अभ्यासू, प्रसिद्धीपासून दूर राहणारा सहकारी असतो आणि इतिहासात त्याचे नाव मागे पडते, म्हणून ते येथे मुद्दाम लिहिले.

आता परिणामाविषयी. १९०३ मध्ये मिठावरचा कर अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया. १९०३ मध्येच प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशे रुपयांवरून हजार रुपयांवर गेली, त्यामुळे लहान उत्पन्नाचे बरेच लोक त्या करातून सुटले. हे सगळे केवळ गोखल्यांच्या भाषणांनी घडले असे म्हणणे बरोबर होणार नाही. मिठावरील कराविरुद्ध काँग्रेस दरवर्षी ठराव करीत होती आणि सरकारजवळ पैसाही शिल्लक होता. परंतु शिल्लक आहे तर ती कोणाला परत मिळावी, हा प्रश्न ज्या अचूकपणे त्यांनी मांडला, त्यामुळे सरकारला तो टाळता येईनासा झाला. कर उतरल्यावर मिठाचा खप वाढला, तेव्हा पुढच्या कपातीसाठी तोच पुरावा म्हणून त्यांनी वापरला. लष्करी खर्चाच्या बाबतीत मात्र त्यांना जवळजवळ काहीच साधता आले नाही, हेही त्याच जमाखर्चात लिहायला हवे.

प्रश्न : १८९७ साली गोखल्यांनी गोऱ्या सोल्जरांची माफी मागितली. अशा माणसाला कणखर लोकप्रतिनिधी कसे म्हणावे? (एक वाचक, नगर)

प्रसंग असा होता. प्लेगच्या बंदोबस्तासाठी पुण्यात सोल्जर घरोघरी तपासणी करीत होते. गोखले तेव्हा वेल्बी आयोगासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून, सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे आरोप त्यांनी तेथल्या वृत्तपत्रातून जाहीर केले. प्लेग बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्या खुनानंतर पुण्यातील वातावरण पार बदलले. पुण्यातील सरदार नातू बंधूंना स्थानबद्ध केले गेले, टिळकांना अटक झाली आणि ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांपैकी कोणी पुढे येऊन साक्ष द्यायला तयार होईना. गोखले मुंबईला उतरले तेव्हा त्यांच्यापुढे दोनच मार्ग होते : पत्रलेखकांची नावे सांगून त्यांना सरकारच्या तोंडी द्यायचे, किंवा सिद्ध न करता येणारा आरोप स्वतःच्या नावावर मागे घ्यायचा. त्यांनी दुसरा मार्ग घेतला आणि एकाही पत्रलेखकाचे नाव बाहेर पडू दिले नाही.

माफीची भाषा गरजेपेक्षा अधिक संपूर्ण होती, असे माझेही मत आहे. सोल्जरांच्या वर्तनाबद्दल लोकांच्या तक्रारी खोट्या होत्या असे त्यावरून कोणी समजू नये. लोकांनी त्या वेळी गोखल्यांना भित्रा ठरवले, काँग्रेसमध्ये त्यांना तोंड लपवावे लागेल अशी अवस्था झाली, आणि हा घाव त्यांना आयुष्यभर जाणवत राहिला. परंतु कारकिर्दीच्या दृष्टीने पुढचे दोन प्रसंग अधिक बोलके आहेत. प्लेगची साथ पुन्हा आली तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून कामाला लागले, आणि माफीनंतर अडीच वर्षांच्या आत कौन्सिलात निवडून गेले. त्यानंतर सभागृहात त्यांनी केलेले एकही महत्त्वाचे विधान पुराव्याअभावी मागे घ्यावे लागले नाही. आकडा स्वतः पडताळल्याशिवाय बोलायचे नाही हा त्यांचा करडा नियम या अनुभवातूनच पक्का झाला असावा, असे मला वाटते.

प्रश्न : टिळकही मुंबई कौन्सिलात होते असे वाचले. मग दोघांत मतभेद नेमका कशाचा होता? (महाविद्यालयीन विद्यार्थी, जळगाव)

होय, १८९५ ते १८९७ या काळात टिळक त्याच कौन्सिलाचे सभासद होते आणि १८९७ च्या खटल्यामुळे ते सभासदत्व संपले. सभागृहातून काही पदरात पडेल यावर टिळकांचा भरवसा थोडा होता. लोकांमध्ये असंतोष जागा करून सरकारवर बाहेरून दाब आणावा, हे त्यांचे धोरण. गोखल्यांचा भर आतून पुरावा मांडण्यावर होता. १९०७ मध्ये सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात ही फूट उघडी पडली. दोघांच्या परस्परविरोधी लेखनात कटुता पुष्कळ आहे, तरीही बाहेरच्या चळवळीमुळे आतल्या युक्तिवादाला वजन येत होते हे दोन्ही बाजूंच्या अनुयायांनी मान्य करायला हवे होते. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले वारले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी टिळकांनी त्यांना भारताचा हिरा आणि महाराष्ट्राचे रत्न म्हटले, आणि त्यांचे अनुकरण करावे असे जमलेल्यांना सांगितले.

प्रश्न : प्राथमिक शिक्षणाचे विधेयक नामंजूर होणार हे ठाऊक असताना ते का आणले? आणि त्यात होते काय? आमच्या शाळेत गोखल्यांची तसबीर आहे, पण या विधेयकाची माहिती कोणालाच नीट सांगता येत नाही. (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, सांगली)

आपल्या पत्रामुळे या कारकिर्दीतल्या सर्वांत मोठ्या प्रकरणाकडे वळता येते.

१९०९ च्या सुधारणांनी कौन्सिलात ठराव मांडण्याचा आणि त्यावर मत घेण्याचा हक्क मिळाला. त्याचा लाभ घेऊन १८ मार्च १९१० रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्यास आरंभ करावा असा ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी तो मागे घेतला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारात स्वतंत्र शिक्षण खाते निर्माण झाले. परंतु सक्तीविषयी सरकार हलेना, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी त्यांनी स्वतःचे विधेयक मांडले.

विधेयक वाचले की त्यातील सावधपणाचे आश्चर्य वाटते. साऱ्या देशावर एकदम सक्ती करावी असे त्यात नव्हते. एखाद्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला वाटले तर, सरकारची आगाऊ मंजुरी घेऊन, आपल्या हद्दीत सक्ती लागू करता यावी. तीही ज्या भागात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच ठराविक मर्यादेपर्यंत पोहोचले आहे अशाच ठिकाणी. मुलगे सहा ते दहा वर्षांचे. मुलींना हा नियम पुढे यथावकाश लावता यावा. ज्या पालकांचे उत्पन्न महिना दहा रुपयांहून कमी त्यांच्या मुलांना फी माफ. खर्चाचा मोठा वाटा, म्हणजे दोन तृतीयांश, सरकारने उचलावा आणि उरलेला स्थानिक संस्थेने. त्या काळात देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही मागणी किती लहान होती ते ध्यानी येते.

ती मुद्दाम लहान ठेवली होती. अशक्य आहे असे म्हणायला सरकारला जागाच उरू नये, हा त्यामागचा हेतू होता. सक्ती लोकांना मानवणार नाही असे कोणी म्हणाले, तर बडोद्याचे उदाहरण समोर होते : सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व राज्याला लागू केले. पैसा नाही म्हणावे, तर वर्षानुवर्षांच्या शिलकी अंदाजपत्रकांचे आकडे गोखल्यांच्या मुखोद्गत होते.

मते मागवण्यासाठी विधेयक प्रांतोप्रांती फिरले. १८ आणि १९ मार्च १९१२ रोजी ते प्रवर समितीकडे, म्हणजे तपशील तपासणाऱ्या निवडक सभासदांच्या समितीकडे, पाठवावे या सूचनेवर चर्चा झाली आणि ती सूचना ३८ विरुद्ध १३ मतांनी नामंजूर झाली. विरोध करणारे सगळे इंग्रज अधिकारी नव्हते, हे लिहिताना आजही वाईट वाटते. काही हिंदी सभासदांनीही विरोधात मत दिले. त्यांच्या मनात जमीनदारीच्या हितसंबंधांची चिंता होती, गरिबांची मुले शिकली तर मजूर मिळणार नाहीत ही भीती होती.

आपण विचारलेल्या ‘का’ चे उत्तर गोखल्यांनी त्याच भाषणात दिले आहे. दिवस संपण्यापूर्वी विधेयक फेटाळले जाईल हे आपल्याला माहीत आहे, त्याबद्दल आपली तक्रार नाही. आपल्या पिढीला देशाची सेवा अपयशातूनच करायची आहे, यशाने सेवा करण्याचे भाग्य नंतर येणाऱ्या स्त्री-पुरुषांचे, असा त्यांच्या शब्दांचा आशय आहे. याला मी निराशा म्हणणार नाही. ज्याच्या हाती मतांची संख्या नाही त्या सभासदाला मसुदा, खर्चाचा अंदाज, आक्षेप आणि त्यांची उत्तरे एवढे सर्व कागदावर तयार करून ठेवता येते, आणि पुढच्याला तेथून काम सुरू करता येते. तसे झालेही. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई प्रांतात नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातला तो या प्रकारचा पहिला कायदा. त्याआधीच, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला होता.

न्यायाने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही मागणी महाराष्ट्रात प्रथम गोखल्यांनी केलेली नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले होते, आणि सरकार शेतकऱ्यांच्या करावर वरच्या वर्गाची मुले शिकवते अशी तक्रार स्पष्टपणे मांडली होती. फुल्यांना त्या सभागृहात जागा नव्हती. तीस वर्षांनी ज्याला जागा मिळाली त्याने ती मागणी विधेयकाच्या रूपात आणली, ही गोखल्यांची कामगिरी; आणि जिच्यासाठी ती मागणी होती त्या जनतेला तोवर मतच नव्हते, ही त्या सभागृहाची मर्यादा. दोन्ही एकत्र शिकवल्या तर आपल्या शाळेतील तसबिरीचा अर्थ मुलांना अधिक चांगला समजेल.

प्रश्न : गोखल्यांचा एखादा ठराव सरकारने जसाच्या तसा मान्य केला असे कधी झाले का? (एक वाचक, ठाणे)

झाले. नाताळला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील त्या नावाच्या वसाहतीला, करारबद्ध (ठराविक वर्षांच्या कराराने बांधलेले) मजूर पाठवणे बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा, असा ठराव त्यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी मांडला आणि सरकारने तो स्वीकारला. १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. नाताळच्या ऊसमळ्यांना हिंदी मजुरांची गरज असल्यामुळे ही बंदी त्या वसाहतीला झोंबली, आणि गांधीजींच्या तेथील लढ्याला तिचा आधार मिळाला. पुढे मार्च १९१२ मध्ये सर्वच वसाहतींसाठी करारबद्ध मजुरी बंद करावी हा ठराव त्यांनी मांडला. तो मात्र सरकारी मतांनी पडला. १९१६ मध्ये मदनमोहन मालवीय यांनी तीच मागणी पुन्हा मांडल्यावर सरकारने तत्त्वतः मान्य केली आणि १९१७ मध्ये भरती थांबली, तेव्हा गोखले हयात नव्हते.

प्रश्न : आजच्या आमदाराला या पद्धतीने काम करणे शक्य आहे का? पक्षादेश, गोंधळ आणि तहकुबी यांत अभ्यासू माणसाचे कोण ऐकणार? (नगरसेवक, सोलापूर)

आपण स्वतः लोकप्रतिनिधी आहात, म्हणून नेमके उत्तर देतो. गोखल्यांना जी साधने कधीच मिळाली नाहीत ती आजच्या आमदाराजवळ आहेत : तारांकित प्रश्न आणि त्यावरील उपप्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, अनुदानाच्या मागण्यांवर कपात सूचना, अशासकीय विधेयक, आणि लोकलेखा समितीसारख्या समित्यांतून कागदपत्रे मागवण्याचा अधिकार. अडचण वेगळ्या जागी आहे. १९८५ मध्ये राज्यघटनेला जोडलेल्या दहाव्या परिशिष्टामुळे, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीमुळे, पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे मताच्या वेळी स्वतंत्र बुद्धीला वाव फार कमी उरला. गोखले सरकारी बहुमतापुढे हरत, पण त्यांचे मत त्यांचे स्वतःचे होते. दहाव्या परिशिष्टाने घाऊक पक्षांतर थांबवले नाही आणि एकट्या प्रामाणिक सभासदाचे तोंड मात्र बांधले, असे माझे स्पष्ट मत आहे. विश्वासदर्शक ठराव आणि अंदाजपत्रक एवढ्यापुरताच पक्षादेश बंधनकारक ठेवावा, ही सूचना मला योग्य वाटते.

पण पक्षादेश मताला लागू होतो. प्रश्न विचारायला, समितीत आकडे मागायला आणि मसुदा तयार करायला होत नाही. संसदेत स्वातंत्र्यानंतर अवघी चौदा अशासकीय विधेयके कायदा झाली आणि त्यांतले शेवटचे १९७० मध्ये, म्हणजे त्या मार्गाने थेट यश मिळणे दुर्मीळच आहे. तरीही कल्पना सभागृहातून कायद्यापर्यंत पोहोचल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ग्रामीण मजुराला मागेल त्याला काम मिळावे ही योजना मांडली. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा लहान प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तिची गरज सर्वांना पटली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. खर्चासाठी व्यवसाय कराची तरतूद आधीच केलेली होती. शेतकी पेढ्यांचा प्रयोग लहान भागात करून पाहा, असे १९०१ मध्ये गोखले सांगत होते, तीच ही रीत.

नगरपालिकेपुरते विचाराल तर अंदाजपत्रकाची प्रत सभेच्या आदल्या दिवशी हातात पडते ही आपल्या पत्रातील तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. मागील पाच वर्षांचे मंजूर आणि प्रत्यक्ष खर्चाचे आकडे माहिती अधिकारात मागवून खातेनिहाय शेजारी शेजारी मांडा, आणि ज्या शीर्षाखाली दरवर्षी पैसे मंजूर होऊनही खर्च होत नाहीत तेवढ्या एकाच शीर्षावर सभेत लेखी प्रश्न द्या. शिक्षण किंवा पाणीपुरवठा यांपैकी एक खाते आधी घ्यावे. दोन्ही एकदम घेऊ नयेत.